गाळलेल्या ओळींची वही

सेन्से, म्हणजे आमचे सर, येताहेत हे त्यांच्या पावलांवरून कळायचं नाही, कारण आमच्या मजल्यावर ते रबरी सपाता घालून वावरत. कळायचं ते टिकटिकीवरून. प्रदर्शनाच्या दाराशी माणसं मोजणाऱ्याला देतात तसलं, अंगठ्याने दाबायचं एक छोटं स्टीलचं यंत्र त्यांच्या उजव्या मुठीत कायम असायचं. दाबलं की टिक् व्हायचं आणि वरचा आकडा एकाने पुढे सरकायचा. कॉरिडॉरमधून टिक् आलं की आमच्या खोलीतले सहाच्या सहा विद्यार्थी ताठ बसायचे. ते काय मोजतात हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. खोलीचं एकमत असं होतं की ते आमच्या चुका मोजतात.

तीन वर्षं मी त्या माणसाला घाबरले. हे कबूल करायला आता लाज वाटत नाही. मी मुळातच भित्री. सांगलीत असताना मी गणिताच्या पेपरला जायच्या आधी तीनदा घरी परत येऊन पेन बघायची. अशा मुलीने घर सोडून जपानात त्सुकुबाला यावं, ऑपरेशन्स रिसर्चमध्ये डॉक्टरेट करायला घ्यावी आणि तिच्या वाट्याला नेमके हे मार्गदर्शक यावेत, याला काय म्हणावं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगीच नाही.

माझा विषय सोप्या भाषेत सांगायचा तर कमी गाड्या, कमी माणसं आणि कमी वेळ यांत जास्तीत जास्त काम कसं बसवायचं याचं गणित. आईला फोनवर हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, म्हणजे मी रोज सकाळी डबे करते तेच की. मला वाटतं सेन्सेंना ही व्याख्या आवडली असती. त्यांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

दिसायला ते घाबरावं असे अजिबात नव्हते. मी आले तेव्हा बासष्ट वर्षांचे असतील. उंची बेताची, केस पांढरे, शर्टाच्या खिशात तीन टोकदार पेन्सिली. लख्ख ऊन असलं तरी हातात दोन छत्र्या. एक स्वतःची, दुसरी जो कोणी विसरला असेल त्याची. बस पकडायची असेल तर चाळीस मिनिटं आधी थांब्यावर जाऊन उभे राहत, आणि आयुष्यभर गाड्यांची वेळापत्रकं बसवण्यात घालवलेला माणूस बसच्या वेळापत्रकावर असा अविश्वास दाखवतो याचं आम्हाला हसू यायचं. अर्थात, ते नसताना.

एकदा सुपरमार्केटमध्ये मी त्यांना पाहिलं. तीन काउंटर उघडे होते. दोन ठिकाणी एकेक गिऱ्हाईक, तिसऱ्याला सात-आठ जणांची रांग. रांगांच्या गणितावर ज्यांची पुस्तकं अख्ख्या जपानात शिकवली जातात ते सेन्से शांतपणे जाऊन त्या लांब रांगेच्या शेवटी उभे राहिले. मी तोफूच्या फडताळामागे लपून बघत होते. त्यांच्या पुढे काठी घेतलेल्या एक आजीबाई होत्या आणि त्यांना पाकिटातली नाणी काढायला फार वेळ लागत होता. मागचे लोक चुळबुळत होते. सेन्से बघत होते, आणि मधूनच टिक्.

माझा पहिला महिना त्यांनी मला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. पोस्टात जाऊन उभी राहा म्हणाले, कागद-पेन्सिल घेऊन, आणि खिडकीशी कुणाला किती वेळ लागतो ते लिही. एका दुपारी एक म्हातारा एकच तिकीट घ्यायला आला आणि खिडकीतल्या बाईशी अकरा मिनिटं बोलत बसला. बाकी सगळे दोन-तीन मिनिटांत आटपत होते. मी अकरा लिहिले, त्याभोवती कंस केला आणि बाजूला 'अपवाद' असं लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी सेन्सेंनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग त्यांच्या तुटक इंग्रजीत विचारलं, "अपवाद म्हणजे? तो माणूस आला नव्हता का?"

मी म्हटलं, आला होता.

"मग कंस काढ," ते म्हणाले.

दर गुरुवारी दुपारी झेमी असायची. झेमी म्हणजे प्रयोगशाळेची साप्ताहिक बैठक. एकाने उभं राहून आपलं काम मांडायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सेन्से दारालगतच्या खुर्चीत बसत आणि डोळे मिटून घेत. डोळे मिटलेले असेपर्यंत आपण जिवंत. उघडले की संपलं. उघडून ते ओरडायचे नाहीत. ते इतकंच म्हणायचे, "असं का." आणि मग त्यांचा तो ठरलेला प्रश्न, कुठल्याही मॉडेलला, मग ते विमानतळाचं असो की बेकरीचं: "यात थांबायला जागा कुठे आहे?" सगळ्यात उत्तम उत्तर म्हणजे ज्यात कुणालाच श्वास घ्यायला जागा उरत नाही ते, असं त्यांचं मत होतं, आणि हे मत असलेला माणूस सगळ्यात उत्तम उत्तर काढायचं शास्त्र का शिकवतो हे मला फार उशिरा कळलं.

एका झेमीत मी बोलत असताना भूकंप झाला. लहानसाच. खिडक्या खडखडल्या, पडदा हलला. इथे अशा वेळी कुणी बोलणंही थांबवत नाही. सेन्से मात्र उठले, स्वतःच्या खुर्चीखालचं पिवळं हेल्मेट काढून डोक्यावर घातलं, मग एकेकाचं हेल्मेट काढून ज्याच्या त्याच्या डोक्यावर बसवलं. माझ्या हनुवटीखालचा पट्टा त्यांनी स्वतः ओढून बघितला. मग परत जागेवर बसले, डोळे मिटले आणि हाताने 'चालू द्या' अशी खूण केली. मी हेल्मेट घालून उरलेली पंधरा मिनिटं बोलले. त्या पंधरा मिनिटांत किती टिक् झाले ते मोजायला मी शुद्धीवर नव्हते.

आता वहीबद्दल सांगायला हवं.

खोलीच्या मधल्या कपाटात एक जाड, निळ्या पुठ्ठ्याची वही असायची. अशा भरलेल्या कितीतरी वह्या खालच्या कप्प्यात होत्या. डेटावर काम करणाऱ्या कुणालाही चुकीच्या, अर्धवट, वेड्यावाकड्या नोंदी गाळाव्याच लागतात. कुणाचं वय दोनशे लिहिलेलं असतं, कुणाचा पत्ता समुद्रात. जगभर हे काम एका कमांडने होतं आणि त्याची आठवणही कुणी ठेवत नाही. आमच्याकडे नियम असा की गाळलेली प्रत्येक ओळ पेन्सिलीने वहीत उतरवायची, शेजारच्या रकान्यात गाळण्याचं कारण लिहायचं आणि खाली आपला शिक्का मारायचा. इथे सहीऐवजी नावाचा लाल शिक्का चालतो. माझं आडनाव त्या इवल्याशा गोलात मावेना म्हणून दुकानदाराने पहिली दोनच अक्षरं कोरून दिली होती. आपल्या शिक्क्याखाली मग सेन्सेंचा शिक्का बसायचा, पण ते आधी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचत. त्यांचं म्हणणं, एक ओळ म्हणजे एक माणूस. तुम्ही त्याला बाहेर काढताय, तर निदान का ते सांगा. एका विद्यार्थ्याने कारणात नुसतं 'विचित्र' असं लिहिलं होतं, तर त्याला पुन्हा पोस्टात उभं केलं अशी दंतकथा होती.

तिसऱ्या वर्षी मी शेजारच्या एका गावाच्या पालिकेचं काम करत होते. त्या गावात एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ. त्यांना पालिका रोज दुपारी जेवणाचा डबा पोचवते. त्यासाठी पाच छोट्या पांढऱ्या गाड्या होत्या. चालवायला माणसं मिळेनात, म्हणून चार गाड्यांत भागेल का असा प्रश्न होता. माझ्या हाती हजारो नोंदी आल्या: कुठली गाडी, कुठलं दार, डबा हातात द्यायला किती मिनिटं. त्यात शेकडो ठिकाणी शून्य मिनिटं लिहिलेली. शून्य मिनिटांत डबा कसा देणार? मला वाटलं यंत्र बंद पडलं असणार. नोव्हेंबर संपत आला होता, शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपणार होती, प्रबंधाची पूर्वपरीक्षा फेब्रुवारीत होती. एवढी शेकडो शून्यं पेन्सिलीने कोण उतरवणार? मी वहीत एकच ओळ लिहिली, 'शून्य वेळेच्या सर्व नोंदी. यंत्राचा बिघाड', आणि शिक्का मारून वही कपाटात ठेवली. आठवडाभर मी सेन्सेंच्या बोलावण्याची वाट बघत धास्तावून होते. बोलावणं आलं नाही. वही उघडून पाहिली तर माझ्या शिक्क्याखाली त्यांचा शिक्का होता. मी सुटकेचा निःश्वास सोडला.

शून्यं काढल्यावर गणित सुरेख सुटलं. चार गाड्या पुरत होत्या, प्रत्येक दारापाशी तीन मिनिटं. पालिका खूश झाली. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून चार गाड्यांचा प्रयोग सुरू झाला.

त्या पहिल्या आठवड्यातल्या रविवारी दुपारी मी काकूंकडे थालीपीठ खायला गेले. काकू मूळच्या नाशिकच्या. पंचवीस वर्षांपूर्वी एका जपानी मृदाशास्त्रज्ञाशी लग्न करून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. मराठी मात्र अस्सल राखलं होतं. टोकियोतल्या निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ आणायच्या. मुलगा मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर द्यायचा आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. हल्ली त्या आठवड्यातून तीन दिवस बाइतो करायच्या, म्हणजे अर्धवेळ काम, आणि ते काम काय तर त्याच गावात डब्याची गाडी चालवायची. मी कॉलेजात काहीतरी गणित करते एवढंच त्यांना माहीत होतं. मी सांगितलंच नव्हतं. माझ्या कामाचं मी कुणाला सांगायची नाही, नजर लागेल म्हणून.

तव्यावर थालीपीठ थापता थापता काकू नव्या रूटवर बोलायला लागल्या. कुणी केलाय कोण जाणे, म्हणाल्या, तीन मिनिटं झाली की टॅब्लेट लाल होतो आणि बोंबलायला लागतो. पोरं बिचारी घाबरतात, डबा दाराच्या मुठीला अडकवतात आणि पळतात. अडकवायचा नसतो. हातात द्यायचा, तोंड बघायचं, कसं आहात विचारायचं, डबा तर निमित्त असतो.

मी विचारलं, दार उघडलंच नाही तर?

"तर काय, यंत्रात शून्य जातं," काकू म्हणाल्या. "मग आपण थांबायचं. मागच्या खिडकीवर टकटक करायची, नाहीच तर ऑफिसला फोन. कधी दहा मिनिटं, कधी वीस. ती कुठे लिहायची सोय नाही. ती कोपऱ्यावरची आजी आहे ना माझी, तिला दारापर्यंत यायला नऊ मिनिटं लागतात. मी मोजलीत. पण येते बाई."

घास तोंडात तसाच राहिला. शून्य म्हणजे बंद पडलेलं यंत्र नव्हतं. शून्य म्हणजे न उघडलेलं दार. ज्यांच्यासाठी थांबणं सगळ्यात गरजेचं होतं नेमकी तीच माणसं मी एका ओळीत गाळली होती, आणि त्यांच्या वाट्याची मिनिटं काढून एक गाडी वाचवली होती. काकूंनी विचारलं, तिखट झालंय का. मी म्हटलं, नाही, छान झालंय.

सायकलवरून घरी येताना डोंगरावरून येणारा वारा कानात शिरत होता आणि मी मनाशी हिशेब करत होते. सेन्सेंना सांगितलं तर प्रबंध गेला, शुक्रवारची पूर्वपरीक्षा गेली, मार्चमध्ये शिष्यवृत्ती गेली, मग व्हिसा. नाही सांगितलं तर? पाच दिवसांचा तर प्रश्न. शुक्रवार होऊ दे, मग शनिवारी सांगू. पाच दिवसांत काय होणार आहे. मी हे वाक्य रस्त्याभर म्हणत आले.

सोमवारी सकाळी तरी मी गेले त्यांच्या दारापाशी. खरंच गेले. हात वर केला. आतून टिक् ऐकू आलं. मी हात खाली घेतला आणि पाठ फिरवून खोलीत येऊन बसले. या एका मिनिटाबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

मंगळवारी दुपारी साडेबाराला काकूंचा फोन आला. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. कोपऱ्यावरच्या आजीच्या दाराला सोमवारचा डबा तसाच लटकत होता. सोमवारी काकूंची पाळी नव्हती. ज्याची होती त्याचा टॅब्लेट लाल झाला होता. काकूंनी टॅब्लेट बंद करून गाडीत टाकला आणि मागच्या अंगाला गेल्या. आजी स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेली होती. चोवीस तास. हीटर बंद. हॉस्पिटलात नेलंय, जीव आहे, म्हणाल्या.

"आणि काय म्हणाली माहितीय, मी खिडकीतून आत गेले तेव्हा? म्हणाली, काल डबा घ्यायला येता आलं नाही, माफ करा." आणि काकू रडायला लागल्या.

मी म्हटलं, "काकू, तो रूट मी केलाय."

काकूंनी नाक पुसल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "मग जा आणि मोड तो."

मी वही घेऊन गेले. या वेळी दार वाजवलं की नाही तेही आठवत नाही. सेन्से खिडकीशी पेन्सिलीला टोक करत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, इंग्रजीत, मध्ये मराठीही घुसलं असेल. त्यांनी ते पान उघडायला सांगितलं. त्या एका ओळीवर बोट ठेवलं. मी त्या 'असं का'ची वाट बघत होते.

"ही ओळ मी वाचली नाही," ते म्हणाले.

मला कळेना.

"तीस वर्षांच्या सगळ्या वाचल्या. ही नाही. शिक्का मारला." त्यांनी चष्मा काढला. "तुझी शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. मी मार्चमध्ये निवृत्त होतो. वाचली असती तर तुला विचारावं लागलं असतं. विचारलं असतं तर तुझं पूर्ण झालं नसतं, आणि मी गेल्यावर तुला कुणी घेतलं नसतं. मी घाबरलो."

एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि पालिकेला सांगितलं की प्रयोग आत्ता, या क्षणी थांबवा, आणि जी दारं उघडली नव्हती त्या सर्वांवर आजच माणूस पाठवा. मग दोन्ही छत्र्या घेतल्या, मला चल म्हणाले.

त्यांच्या गाडीत मी पहिल्यांदाच बसत होते. वेगमर्यादेच्याही दहा खाली चालवत होते. मागचे सगळे आम्हाला ओलांडून जात होते. यंत्र त्यांच्या अंगठ्याखाली स्टिअरिंगला टेकलेलं होतं आणि दर चौकात टिक् होत होतं. एरवी मी कधीच विचारलं नसतं. पण ज्याचं सगळं बुडालंय त्याला घाबरायला काय उरतं? मी विचारलं, सेन्से, तुम्ही काय मोजता?

त्यांनी आधी सिग्नल नीट बघितला. मग म्हणाले, "मी घाबरलो की दाबतो." तरुण असताना त्यांना वाटायचं की आपण दिवसभर घाबरलेले असतो, आणि अशाने जगता यायचं नाही. म्हणून मोजायला घेतलं. मोजल्यावर कळलं की दिवसभर नाही, चाळीस-पन्नास वेळाच. तेवढं चालवून घेता येतं.

मी विचारलं, आणि झेमीत?

"झेमीत जास्त होतं," ते म्हणाले. "तुम्ही एकटे उभे असता. पडाल असं वाटतं."

खोलीतले आम्ही सहा जण इतकी वर्षं त्या आवाजाला घाबरत आलो आणि तो आवाज त्यांच्या भीतीचा होता. डोळे का मिटतात तेही तेव्हा कळलं. मला हसायला आलं नाही. उलट मला वाटलं, कोणीतरी इतकी वर्षं आपल्यासाठी घाबरत होतं आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

पालिकेच्या ऑफिसात ते कमरेतून वाकले आणि वाकलेलेच राहिले. शिक्का माझा आहे, चूक माझी आहे, एवढंच म्हणत होते. मीही मागे वाकले होते. समोरचे अधिकारी अतिशय नम्रपणे बोलत होते, आणि त्या नम्रपणाने जास्त मेल्यासारखं झालं. मला फक्त फरशा आणि सेन्सेंच्या शर्टातून पडलेली एक पेन्सिल दिसत होती. ती उचलायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून पाच गाड्या पुन्हा सुरू झाल्या. इतर दारांमागे सगळे ठीक होते. आजींचं कंबरेचं हाड मोडलं होतं. त्या वाचल्या, पण घरी परतल्या नाहीत. मुलीच्या गावी एका वृद्धाश्रमात गेल्या. मी भेटायला गेले होते. मी कोण हे त्यांना सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी मला संत्रं सोलून दिलं.

शुक्रवारची पूर्वपरीक्षा आम्हीच रद्द करून घेतली. मार्चच्या शेवटच्या दिवशी सेन्सेंची खोली रिकामी होत होती. पालिकेच्या नव्या यादीत आजींचं घर नव्हतं, तेव्हा माझ्या डेटामधूनही ती ओळ आता रीतसर गाळायची होती. सेन्सेंनी खोक्यातून वही काढून माझ्यापुढे ठेवली आणि खोली आवरत राहिले. मी पेन्सिल हातात घेऊन किती वेळ बसले कोण जाणे. शेवटी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'यांना दारापर्यंत यायला नऊ मिनिटं लागायची. मी तीन दिली.' शिक्का मारला. सेन्सेंनी त्या ओळीवर बोट ठेवून ती वाचली, पुन्हा वाचली, आणि मग खाली आपला शिक्का मारला. त्या वहीतला तो त्यांचा शेवटचा.

पुढचं वर्ष मी काकूंच्या गाडीत मदतनीस म्हणून बाइतो केला. फी, भाडं, सगळं त्यातून आणि बाबांनी पाठवलेल्यातून. प्रत्येक न उघडलेल्या दारापाशी उभं राहून मी थांबण्याची मिनिटं लिहिली. काकूंनी मला कधी बोल लावला नाही, पण कोपऱ्यावरच्या त्या घरावरून जाताना त्या रेडिओ बंद करायच्या. कागदोपत्री माझे मार्गदर्शक आता दुसरे होते; सेन्सेंनी विनवल्यावर त्यांनी मला घेतलं होतं. सेन्से दर गुरुवारी बसने यायचे, चाळीस मिनिटं आधी, आणि शेवटच्या बाकावर बसायचे. त्यांना आता यायची काही गरज नव्हती.

अंतिम परीक्षेला पाच परीक्षक पुढे बसले होते. सेन्से परीक्षक नव्हते. मागे, दारालगत, दोन छत्र्या मांडीवर आडव्या घेऊन बसले होते. मी तासभर बोलले. न उघडलेली दारं, थांबण्याची मिनिटं, सगळं मांडलं. शेवटची ओळ अशी होती की पाच गाड्या लागतात. चार पुरत नाहीत.

मधल्या परीक्षकांनी कागद खाली ठेवले. ते दुसऱ्या विद्यापीठातून आलेले, नावाजलेले गृहस्थ होते. म्हणाले, "म्हणजे चार वर्षं अभ्यास करून तुम्ही पालिकेला सांगताय की आधी जे चाललं होतं तेच चालू ठेवा."

आणि मागून, अगदी स्पष्ट, टिक् असा आवाज आला.

परीक्षकांनी मान वळवून पाहिलं. मी पाहिलं नाही. ते माझ्यासाठी होतं हे मला माहीत होतं.

"हो," मी म्हटलं. "चार गाड्यांत थांबायला जागा नाही."

पुन्हा आवाज येतो का म्हणून मी कान देऊन उभी राहिले. आला नाही.